कॉमिक काढताय? मग आधी अक्षरांचं बघा

दिवाळीच्या सुट्टीत नाशिकला गंगापूर रोडवर मुलांचं आणि मोठ्यांचं कॉमिक वर्कशॉप घेतलं, तेव्हापासून फोनवर तेच तेच प्रश्न येतायत. एकेकाला वेगळं टाइप करून माझी बोटं दुखायला लागली, म्हणून इथे एकदाच लिहितो. नावं काढून टाकलीयत, काळजी नको.

सर, कॉमिक शिकायला टॅबलेट लागतोच का? दुकानदार म्हणाला साधा घेतला तर नंतर पस्तावाल. (कॉलेज रोड)

नाही लागत. पेन्सिल, खोडरबर, काळं पेन आणि ए४ कागद पुरतात. दुकानदार टॅबलेट विकायलाच बसलाय, तो दुसरं काय सांगणार? ८ पानांची एक गोष्ट शेवटपर्यंत काढून झाली की मग विचारा.

माझ्याकडे गोष्ट भारी आहे पण पानावर उतरवली की निबंध होतो. (पंचवटी)

कारण चित्रात जे दिसतंय तेच तुम्ही वरच्या चौकटीत परत लिहिताय. तुम्ही पाठवलेल्या पानावर लिहिलंय ‘गोदावरीला प्रचंड पूर आला होता’, आणि खाली चित्रही पुराचंच. अहो, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी दाखवा, नाशिकमध्ये कुणाला वेगळं सांगावं लागतं का! बाहेरच्या वाचकालासुद्धा मूर्ती बुडताना दिसतेच की. पक्कं पान काढायच्या आधी काडेपेटीएवढ्या चौकोनात सगळी पानं खरडून काढा, माणसं काड्यांची चालतील, आणि गोष्ट माहीत नसलेल्या कुणाला तरी दाखवा. तो जिथे अडेल तिथे दुरुस्ती. हे दोन दिवसांचं काम आहे, दोन महिने लावू नका.

चित्रं छान झालीत पण मराठी डायलॉग टाकले की सगळं बिघडतं. फुग्यात मावत नाही आणि प्रेसमध्ये जोडाक्षरं फुटली. फॉन्ट कोणता वापरू? (सिडको)

हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो, आणि दरवेळी चित्रं पूर्ण झाल्यावरच येतो! अक्षरं म्हणजे शेवटी चिकटवायची वस्तू असं डोक्यात बसलंय लोकांच्या. पेन्सिलच्या स्टेजलाच डायलॉग खऱ्या साइझमध्ये लिहून बघायचे, त्याभोवती फुगा काढायचा, मग उरलेल्या जागेत माणसं. आधी बोलणारा वर डावीकडे, उत्तर देणारा त्याच्या खाली किंवा उजवीकडे. पात्रं उलट्या बाजूंना उभी केलीत की फुग्यांच्या शेपट्या एकमेकींत अडकतात आणि कोण काय म्हणालं ते कळत नाही, आणि हे शाई झाल्यावर लक्षात आलं की रडायचं.

दुसरं, आपली लिपी इंग्रजीसारखी वागत नाही. वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, म्हणजे दोन ओळींमध्ये जागा जास्त सोडावी लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. हाताने लिहिणार असाल तर शिरोरेषेची एक रेघ आखता ना, तशा वरच्या मात्रांची आणि खालच्या उकारांची पण आखा. शब्दही आपले लांब, ‘नाशिकरोडपर्यंतच्या’ हा एकच शब्द अख्खी ओळ खातो, मग लोक तो मधेच तोडतात. तोडू नका, फुगा रुंद करा किंवा वाक्य बदला. आणि फुग्याच्या शेवटच्या ओळीत एकटं ‘आहे’ लोंबकळत ठेवू नका, फार वाईट दिसतं. आवाजही आपले वापरा, धप्प, फाडकन, खळ्ळकन एवढं सगळं घरात असताना ‘क्रॅश’ कशाला?

आता जोडाक्षरं. डीटीपीवाल्यांकडचे बरेच जुने मराठी फॉन्ट युनिकोडच्या (मोबाइल-कॉम्प्युटर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या) आधीचे आहेत, त्यांच्यात मोबाइलवरचा मजकूर पेस्ट केला की कचरा दिसणारच. युनिकोड फॉन्ट घ्या, कलम किंवा बालू फुकट मिळतात आणि लायसन्सप्रमाणे छापायलाही चालतात. जुन्या फोटोशॉपमध्ये टाइप करत असाल तर भारतीय लिप्यांसाठीचं टेक्स्ट इंजिन सेटिंगमध्ये निवडावं लागतं, नाहीतर पहिली वेलांटी भलतीकडे जाऊन बसते. फाइल देताना अक्षरांचे आउटलाइन करा, म्हणजे अक्षरांचं चित्र होतं, पण त्याआधी दुसऱ्या माणसाकडून शुद्धलेखन तपासून घ्या कारण नंतर एक काना पण बदलता येत नाही. अक्षरांचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा ठेवा, रंगीत छपाईच्या चारही शाया टाकल्या आणि छपाई केसभर सरकली की अक्षरांना रंगीत सावली येते. तरी सगळी पानं देण्याआधी एक पान प्रेसवाल्याला दाखवाच. माझ्या पहिल्या अंकाच्या वेळी मी दाखवलं नव्हतं, ३०० प्रती ‘विदयार्थी’ छापून आल्या. अजून माळ्यावर आहेत.

प्रेसवाला २२ पानांचे २४ पानांचे पैसे लावतोय. फसवतोय का?

नाही. मधे पिन मारायच्या पुस्तकात पानं ४ च्या पटीत येतात. उरलेल्या २ पानांवर काहीतरी काढा.

एजंट आयएसबीएन आणि कॉपीराइटचे मिळून ८ हजार मागतोय. देऊ का? (इंदिरानगर)

देऊ नका!! आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, तो शिक्षण मंत्रालयाची राजा राममोहन रॉय एजन्सी ऑनलाइन देते, फुकट. कॉपीराइट तर चित्र काढलं त्या क्षणीच तुमचा, नोंदणी ऐच्छिक आहे, करायचीच असेल तर साहित्यकृतीची किंवा चित्राची सरकारी फी ५०० रुपये. कॉपीराइटचा पुरावा म्हणून स्वतःलाच पोस्टाने पाकीट पाठवा वगैरे जे फिरतं ते सोडून द्या. प्रकाशकाचा करार आला तर मात्र सही करण्याआधी वकिलाला दाखवा, मला नाही. हक्क किती वर्षांसाठी देताय ती मुदत लिहिलेली आहे का ते बघा, लिहिली नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ५ वर्षं धरतात.

इंकिंग (पेन्सिलवर शाई) करताना मनगटात कळ येते, ६ महिने झाले. मित्र म्हणतो तेल लाव.

६ महिने? आणि मला विचारताय? उद्या ऑर्थोपेडिककडे जा.

मुलगा ८वीत आहे, वहीच्या मागे सारखी कॉमिक काढतो. क्लास कधी लावू?

आत्ता नको. त्याला कोरी वही द्या आणि विचारल्याशिवाय बघू नका. मार्चची परीक्षा झाली की ती वही घेऊन त्याच्यासोबत एकदा भेटा, पानं बघितल्याशिवाय मी काही सांगणार नाही.