बेळगावात कुंडीतली कोथिंबीर अन् पुदिना पावसाळ्यात का कुजतो?

तुम्ही लिहिलंय की टिळकवाडीत दुसऱ्या मजल्यावर राहता, गॅलरी पश्चिमेला आहे, माती येळ्ळूरच्या मामांच्या शेतातून आणली, आणि तरीही गेल्या पावसाळ्यात कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता सगळं गेलं. खत कमी पडलं का, असं विचारताय.

खत नव्हे हो, मातीनं घात केला. येळ्ळूरची माती भाताला सोन्यासारखी आहे, पण ती भाताला चांगली का आहे ते बघा. वर्षानुवर्षं चिखलणी करून ती अशी केलेली असते की पाणी खाली जाऊ नये. तीच माती कुंडीत भरली की जुलैभर मुळं चिखलात बसतात. मुळांना हवा लागते, ती मिळाली नाही की ती कुजतात. मुळं कुजली की वरची पानं पाणी नसल्यासारखी माना टाकतात, आणि आपण तहान लागली वाटतंय म्हणून आणखी एक तांब्या ओततो. मी शहापुरात गच्चीवर पहिली दोन वर्षं हेच केलं, तेव्हा लाजू नका.

आता मी दोन पाट्या तांबडी माती, एक पाटी चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक पाटी भाताचं तूस असं मिसळतो. तूस गिरणीत मिळतं. जळकं मिळालं तर जास्त चांगलं, कारण कच्चं तूस कुजताना मातीतला नत्र खातं. मामांची माती टाकून देऊ नका, चार पाट्यांत एखादी मिसळायला हरकत नाही. कुंडीच्या भोकावर एकच खापरी पालथी ठेवायची. खाली खडीचा थर देऊन काही साधत नाही, उलट मातीची जागा जाते. मग तांब्याभर पाणी ओतून बघा. मिनिटभरात खालून धार लागली पाहिजे. कुंडी जमिनीवर टेकवू नका, विटेच्या तुकड्यांवर ठेवा. खाली बशी असेल तर मृगाच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, काढून टाका, नाहीतर झाड कुजतं ते वेगळंच आणि डास होतात ते वेगळेच.

दुसरी गोष्ट गॅलरीची. आपल्याकडं जुलैतला पाऊस सरळ पडत नाही, पश्चिमेकडून आडवा येतो. पुण्याकडचे लोक व्हिडिओत दाखवतात ती बाग या पावसात टिकत नाही. अथणी-रायबागला माझ्या पाहुण्यांकडं वेगळाच कारभार, तिथं पाऊस कमी म्हणून ते पाणी राखायच्या मागं असतात. खानापूर-जांबोटीवाल्यांनी आपल्याहून दुप्पट काळजी घ्यावी. तुमच्या घरात पूर्वेची एखादी खिडकी असेल तर पावसाळ्यात नाजूक कुंड्या तिकडं हलवा. पण वळचणीखाली नको, पागोळ्यांनी माती उसळून रोपं लोळतात.

आता कुठलं कधी लावायचं. मी इंग्रजी महिन्यांपेक्षा नक्षत्रांवर चालतो, सवय आहे म्हणून.

कोथिंबीर हस्ताचा पाऊस सरल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यानंतर पेरायची. तिथून फेब्रुवारीपर्यंत बेळगावची हवा तिला मानवते. आपण साडेसातशे मीटर उंचीवर आहोत, रात्री गार असतात, हे आपलं नशीब. धने हातानं अलगद रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा आणि जिथं वाढवायचे तिथंच पेरा. तिला सोटमूळ असतं, उपटून दुसरीकडं लावलेली रोपं रुसतात. आठ-दहा दिवसांत उगवते, पाचेक आठवड्यांत काढायला येते. मासळी बाजारात टाकून दिलेले थर्माकोलचे खोके यासाठी झकास. तळाला भोकं पाडायची आणि आधी दोन दिवस उन्हात धुऊन ठेवायचे, नाहीतर शेजारणी विचारतील, कोथिंबीर आहे की बांगडा. एप्रिलमध्ये पेराल तर ती फुलावर जाईल. उष्म्यात तिचं तसंच आहे, तुमचा दोष नाही. पावसाळ्यात मी कोथिंबीर विकत घेतो, हे सांगायला मला कमीपणा वाटत नाही.

पुदिना विकत घेतलेल्या जुडीतूनच होतो. जाड काड्या निवडून खालची पानं काढायची आणि ग्लासभर पाण्यात ठेवायच्या. आठवड्याभरात मुळं फुटतात. त्याला पसरट कुंडी द्या आणि एकटा ठेवा, शेजाऱ्याला जगू देत नाही तो. मे महिन्यात दुपारची सावली लागते. मृग लागायच्या आत बोटभर ठेवून सगळा छाटून टाका. दाट झुडूप ओलं राहिलं की आतून काळं पडतं. छाटलेल्याची चटणी होतेच.

कढीपत्त्याला मात्र गॅलरीतलं सगळ्यात जास्त ऊन द्या आणि कुंडी चौदा इंचाची तरी घ्या. थंडीत तो पिवळा पडून पानं गाळतो, मेला समजून उपटू नका. होळीनंतर शेंडे खुडा, फुलोरा आला तर तोही काढा, मग फांद्या फुटतात. पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर नीट बघा, ती फुलपाखराची अळी असते. चार-पाच अळ्या छोटं झाड दोन दिवसांत साफ करतात. वेचून टाकायच्या, फवारणी कशाला? आंबट ताक घाला असं सगळे सांगतात. मीही घालतो, पण जादू काही झालेली नाही.

पावसात काही तरी हिरवं हवंच असेल तर गवती चहा आणि हळद. हळदीचे कंद मे महिन्यात पुरा, श्रावणात पातोळ्यांना पानं मिळतील. जानेवारीत ती वाळते, तेव्हा उकरून घ्या. गवती चहाला आपला पाऊस फारच आवडतो, कुंडी मात्र दोन वर्षांत मुळांनी ठासते. तेव्हा ठोंब फोडून पुन्हा लावायचा. ओव्याच्या पानाची तर फांदी खोचली की झाली. आमच्या शिरसीकडच्या शेजारीण अज्जी त्याला दोड्डपत्रे म्हणतात आणि ताकातली तंबळी करून वाटीभर पाठवतात. आमच्या घरी पूर्वी फक्त भजी व्हायची. पानं जाड असल्यानं त्याला पाणी कमीच लागतं, तेवढा आडोसा द्या.

मुलांना पास्त्यावर बेसिल हवं असतं म्हणून महागडं रोप घेऊ नका. सब्जा त्याच जातकुळीतला आहे, वास थोडा उग्र एवढंच. मंजिऱ्या येतील तशा खुडत राहा, पानं येत राहतात. रोझमेरी मी तीनदा आणली, तिन्ही वेळा आर्द्रा संपायच्या, म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या, आत गेली. ती कोरड्या, दगडाळ मुलखातली आहे. कुणी रोपवाला तुम्हाला "पावसात पण चालतंय की" म्हणाला तर हसून पुढं व्हा.

सध्या रोहिणी चालू आहेत, म्हणजे मृगापर्यंत हातात आठवडा-दहा दिवस आहेत. नवीन काही पेरू नका. बश्या काढा, जुनी माती उपसून तूस मिसळा, पुदिना छाटा. गवती चहाचा ठोंब विकत घेऊ नका, ओळखीपाळखीत कुणाची तरी कुंडी यंदा फोडायला झालेली असतेच. माझीही झाली आहे.