रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी

"नवीन जागी येऊन तीन महिने झाले, मन रमत नाही. माझा निर्णयच चुकला का?" हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. विचारणारे बहुतेक बदलीवर गेलेले बँकवाले, नाहीतर लग्न होऊन परगावी आलेल्या मुली. त्यांना मी हल्ली एका ब्रदरची, म्हणजे धर्मगुरू व्हायला शिकणाऱ्या मुलाची, गोष्ट सांगते. त्याला विचारून, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

चोवीस वर्षांचा मुलगा, वसईकडचा, कॅथलिक. पुण्यात तत्त्वज्ञानाचं शिक्षण संपलं आणि पुढे ईशज्ञान, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्र, शिकण्याआधी त्याच्या धर्मसंघाने त्याला दोन वर्षांसाठी सातपुड्यात, धडगावच्या बाजूला, मुलांच्या वसतिगृहावर धाडलं. जूनमध्ये गेला. दिवाळीच्या सुट्टीत माझ्यासमोर बसला तेव्हा पँटच्या पट्ट्याला दोन भोकं जास्त पडलेली होती.

"मॅडम, प्रार्थनेला बसलो की डोक्यात काहीच येत नाही. मला बहुतेक पाचारणच नाहीये."

पाचारण, म्हणजे या वाटेवर येण्याची देवाची हाक, खरं की खोटं हे सांगायचा मला अधिकार नाही, तसं त्याला सांगून टाकलं. मी झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं, जीव नकोसा होतो का हेही सरळ विचारलं. हे प्रश्न विचारायला अवघड वाटतं म्हणून टाळू नयेत. नैराश्याच्या आजाराला गप्पा पुरत नाहीत, डॉक्टर लागतो. त्याचं तसं नव्हतं. मुलांबरोबर व्हॉलीबॉल खेळताना तो हसत होता. पण उकळलेलं पाणी पुन्हा उकळायचा आणि दिवसात दहा-बारा वेळा हात धुवायचा. कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० मध्ये 'कल्चर शॉक'वर लेख लिहिला, त्यातल्या लक्षणांत ही दोन्ही आहेत. लेख छापून आला होता तो मिशनरी मंडळी वाचत अशा एका नियतकालिकात. हे सांगितल्यावर तो पहिल्यांदा मान वर करून बघायला लागला. म्हणजे माझ्याआधीही कुणीतरी हात धुतलेत!

रोज रात्री तो पाण्याच्या टाकीपाशी उभा राहायचा. रेंज तेवढीच तिथे. तासभर आईशी बोलणं. आज काय केलं होतंस, बाजारात कोण भेटलं, केळीला पाणी दिलं का. फोन ठेवला की वसई संपायची आणि अंधार उरायचा. मी इथे एक चूक केली. रोज डायरी लिही म्हणाले. आधीच एकटा पडलेल्या पोराला मी आणखी एकट्याने करायचं काम दिलं. दोन आठवड्यांनी फोनवर तो म्हणाला, "डायरी छान भरतेय मॅडम, फक्त सगळी रडकी आहे." बंद करायला लावली.

खरी गाठ सापडली ती दुसऱ्याच बोलण्यात. मुलं माझ्याशी बोलत नाहीत, अशी त्याची तक्रार होती. आपसात पावरी या त्यांच्या बोलीत कलकलाट करतात, मी गेलो की चिडीचूप.

"तू गेल्यावर काय करतोस?"

"त्यांचं मराठी सुधारतो. 'ळ' म्हणा, 'ण' म्हणा."

"घरी आईशी कुठल्या भाषेत बोलतोस?"

"कादोडी."

"आणि शाळेत बोलायचास?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग सांगितलं ते असं: पाचवीत वर्गात चुकून घरचा शब्द तोंडातून गेला होता. बाई हसल्या, मग वर्ग हसला. त्यानंतर मित्र घरी आले की तो आईला हळू बोल म्हणायचा.

मी काही बोलले नाही. बोलायची गरज नव्हती.

त्या आठवड्यात त्याने मुलांना कादोडीत माशांची नावं सांगितली. पोरं लोळून हसली. मग एकाने पावरीतली सांगितली आणि ब्रदरांना ती म्हणता येईनात. वसतिगृहातला हुशार माणूस पहिल्यांदा 'ढ' ठरला. देण्यासाठीच वाढवलेल्या मुलांचं हे दुखणं मी पुष्कळ पाहिलंय: शिकवायला, सेवा करायला ती एका पायावर तयार असतात, पण दुसऱ्याकडून काही घ्यायचं, कुणासमोर अडाणी दिसायचं म्हटलं की अंग चोरतात. थॉमस स्टीफन्सचा दाखला मी त्याला उगाच ऐकवला. इंग्लंडमधला हा जेज्वित संघाचा ख्रिस्ती मिशनरी १५७९ मध्ये गोव्याला आला, त्याचं मराठी काव्य छापलं गेलं १६१६ मध्ये, म्हणजे ३७ वर्षांनी. तो म्हणाला, "मला दोनच वर्षं दिलीत."

आईला फोन आठवड्यातून दोनदा करायचा, असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. आईला ते मुळीच आवडलं नाही. परत यायचं की नाही, हा निर्णय मात्र मी पुढे ढकलायला लावला नाही. तो त्यानेच ढकलला. मन उदास असताना आधीचा निश्चय बदलू नये, हा जेज्वित संघाच्या संस्थापकाचा, संत इग्नेशियसचा, नियम त्याला पाठ होता. फक्त तो आपल्याला लागू असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

एप्रिलअखेर मुलं सुट्टीला घरी गेली, तेव्हा एका मुलाच्या पाड्यावर तो चार दिवस राहिला. आमचूर करायचे दिवस होते. कैऱ्यांची साल काढायची, फोडी करायच्या, उन्हात पसरायच्या. मुलाची आजी त्याच्या हातातली सुरी काढून घेई, पुन्हा धरून दाखवी, पुन्हा काढून घेई. चिकाने बोटं काळी पडली, एका बोटाची कातडी सोलली गेली. हे सगळं तो मला तक्रारीच्या सुरात सांगत होता आणि थांबत नव्हता. पाणी कुठलं प्यायलास, असं मी विचारलं. "पाणी?" म्हणाला, "तिथलंच." पुढे आजीविषयीच बोलत राहिला.

प्रार्थनेचं? अजून कोरडीच असते म्हणाला, पण बसतो.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये त्याचा फोन आला. नवीन ब्रदर येणार होता, मुंबईचा. "मॅडम, त्याला काय सांगू?"

"तुला काय सांगावंसं वाटतं?"

"रेंज कुठे येते ते सांगतो," तो म्हणाला. "पण तिसऱ्या दिवशी."