मुंबई ते नागपूर हवाई अंतर ६८० किमी, मग विमानाला दीड तास कसा लागतो?

तुम्ही ६८० ला ताशी ८३० ने भागलंत, ४९ मिनिटं आली आणि विचारताय की विमान कंपनी फसवते का. अंतर बरोबर आहे, भागाकार चुकीच्या जागी केलाय. हाच भागाकार तोंडावर फेकणारा एक मेव्हणा घरोघरी असतो, म्हणून जरा सविस्तर.

८३० चा वेग मिळतो तो वर, पस्तीस हजार फुटांवर. तिथे पोचेपर्यंतच दोनेकशे किलोमीटर जातात. उतरण्याचा ढोबळ हिशोब: उंची जितके हजार फूट, त्याच्या तिप्पट नॉटिकल मैल आधी खाली यायला लागायचं. पस्तीस त्रिक एकशे पाच, म्हणजे १९५ किलोमीटर. पूर्ण वेगासाठी उरले पावणेतीनशेच्या आसपास, वीस मिनिटांचं काम. खाण्याची ट्रॉली मधल्या रांगांत असतानाच कॅप्टन उतरायची घोषणा करतो ते यामुळेच. शिवाय दहा हजार फुटांखाली साधारणपणे २५० नॉटची मर्यादा, म्हणजे ताशी ४६३ किमी.

त्यात मुंबईत बहुतेक वेळा उड्डाण पश्चिमेला, २७ नंबरच्या धावपट्टीवरून. नागपूर पूर्वेला! आधी जुहूच्या समुद्रावर जायचं, मग वळून तीच मुंबई ओलांडायची. असं सगळं धरून हवेत तास-सव्वा तास.

पण तिकिटावरची वेळ हवेतली नसतेच. विमान जागेवरून मागे ढकललं की घड्याळ सुरू, नागपूरला विमान उभं राहून चाकांना उटी (चाक अडवणारा ठोकळा) लागली की बंद. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि संध्याकाळी पाच-सात विमानांमागे उभं राहावं लागतं. ती मिनिटं वेळापत्रकात आधीच घातलेली असतात. रांग नसेल तर विमान 'वेळेआधी' पोचतं आणि लोक टाळ्या वाजवतात.

वाऱ्याचंही आहे. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून, म्हणून जाताना पाच-सात मिनिटं वाचतात, येताना तितकीच जातात. पावसाळ्यात वरचा वारा पूर्वेकडून येतो, की हिशोब उलटा.

आता मेव्हण्याचं 'दीड तासात नागपूर'. डोंबिवलीहून सांताक्रूझला दीड-दोन तास, चेक-इन ६० मिनिटं आधी बंद, गेट साधारण २५ मिनिटं आधी, उतरल्यावर बॅगेचा पट्टा. दारापासून दारापर्यंत सहा तासांच्या आत कोणी पोचवून दाखवावं. विदर्भ एक्सप्रेसला संध्याकाळी कल्याणला बसा, सकाळी नागपूर, झोपेसकट. माझं मत: कामाचा दिवस वाचवायचा नसेल तर रेल्वे.

अर्थात आरक्षण मिळालं तर! आणि घर विलेपार्ल्यात असेल तर विमानाला तोड नाही. बुक करताना टर्मिनल १ की २, आणि विमानतळ सांताक्रूझचा की नवी मुंबईचा, हे नीट वाचा. विमानाच्या प्रकारापुढे एटीआर दिसलं तर ते पंख्याचं विमान, ताशी पाचशेच्या आसपास. वीसेक मिनिटं जास्त धरा.