मुंबईत सोसायटीच्या गच्चीवर लोकांना दुर्बिणीतून आकाश दाखवायचं असेल तर काय तयारी लागते?

८ इंची डॉब्सोनियन (८ इंच व्यासाच्या आरशाची, साध्या बैठकीवर हाताने फिरवायची दुर्बीण) पुरते. पौर्णिमा मात्र टाळा, तेव्हा चंद्र सपाट दिसतो. शुद्ध सप्तमी-अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात, लोक तिथेच थबकतात. शनी-गुरू असतील तर उत्तम. दीर्घिकांचा (गॅलेक्सींचा) नाद सोडा, शहराच्या उजेडात त्या धड दिसत नाहीत.

दुर्बीण पाऊण तास आधी गच्चीवर ठेवा, आरसा निवायला हवा. दिवसभर तापलेली गच्ची आणि एसीची गरम हवा यांमुळेही चित्र थरथरतं, म्हणून आठनंतर सुरू करा आणि एसीच्या युनिटवरून बघू नका. फाइंडर (नेम धरायची वरची छोटी दुर्बीण) उजेड असतानाच लांबच्या टॉवरवर जुळवा.

१२०० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मिमीची आयपीस (डोळा लावायचं भिंग) लावली की चित्र ४८ पट मोठं दिसतं. १० मिमीने १२० पट होतात, पण शनी मध्यावर आणला तरी मिनिटभरात बाहेर सरकतो. त्यामुळे दर दोन माणसांचं बघून झालं की तो परत मध्ये आणणारा एक स्वयंसेवक हवाच. लहान मुलं आयपीसला धरून लोंबकळतात; त्यांच्यासाठी स्टूल ठेवा आणि हात मागे बांधायला लावा.

जून ते सप्टेंबर सुट्टी. तेव्हा आयपीस सिलिका जेलसह हवाबंद डब्यात, नाहीतर बुरशी आलीच.