आधी घोड्यावर रिकिबीशिवाय बसायला शीक
ड्रेसाजमध्येच, म्हणजे घोड्याकडून नेमक्या तालबद्ध हालचाली करून घ्यायच्या खेळातच, करिअर करायचंय म्हणालीस, फार बरं वाटलं. पण पियाफ (जागच्या जागी दुडकी) आणि पसाज (पाय उंच उचलत संथ दुडकी) यांचे व्हिडिओ बघत बसू नकोस. ते ग्रां प्रीचं, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीचं काम, वर्षानुवर्षांनी येतं. आधी बैठक, म्हणजे खोगीरावर बसणं. लंजवर (प्रशिक्षक लांब दोरीने घोडा गोल फिरवतो तेव्हा), रिकिबी म्हणजे पाय ठेवायच्या कड्या काढून, रोज थोडा वेळ ट्रॉट (दुडकी चाल) कर. घोड्याची पाठ उचलली की तुझी कंबर तिच्याबरोबर गेली पाहिजे. गुडघे आवळलेस की तू उडणार आणि तुझे हात लगामाला हिसके देणार. मग 20 मीटरचं वर्तुळ. ते वाकडंतिकडं झालं तर घोड्याला दोष देऊ नकोस, बहुतेकदा वर्तुळाच्या बाहेरच्या बाजूचा लगाम तुझ्याकडून सैल सुटलेला असतो.

पुण्यात शिकवणीचे बरेचसे घोडे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्याच जातीचे. त्यांना पळायची सवय. पाठ सैल सोडून सावकाश चालायला लावताना तूच खूप शिकशील. खरारा स्वतः कर.

पुढे मात्र युरोप लागतोच. 2023 च्या हांगझोऊ एशियाडमध्ये भारताला ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण मिळवून देणारे चौघेही तिकडे तयारी करत होते. त्यातला कोलकात्याचा अनुष अगरवाला जर्मनीत शिकून 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये उतरला. तेव्हा घोडा, तबेला, प्रशिक्षक, डॉक्टर, सगळा खर्च आईबाबांपुढे आत्ताच मांड; दहावीनंतर बघू म्हणू नकोस.