स्प्रिंगा बदलल्या, आता गाडी मागून खाली बसत नाही

प्रश्न : माझ्याकडे २००४ सालची टोयोटा लँड क्रूझर १०० आहे. तेलाच्या दाबावर गाडीची उंची कमी-जास्त करणारे ‘एएचसी’ सस्पेन्शन तिला आहे. सामान भरून ताम्हिणी घाटातून कोकणात वरचेवर जावे लागते. खड्ड्यांत मागून दणके बसत, त्यामुळे मागची बाजू टेकत असावी असे वाटून मागच्या दोन्ही स्प्रिंगा काढून अधिक जाड तारेच्या बसवून घेतल्या. त्याच वेळी धक्के मऊ करणारे पुढचे दोन नायट्रोजनचे गोळे आणि सगळे ऑइलही बदलले. तेव्हापासून गाडी ‘लो’ला घेतली की पुढची बाजू खाली बसते, मागची जेमतेम हलते आणि थोड्या वेळाने ‘ऑफ’चा दिवा लुकलुकू लागतो. परत ‘नॉर्मल’ला येताना पुढची बाजू पूर्वीपेक्षा सावकाश उचलली जाते. पौड रस्त्यावरच्या गतिरोधकांवर मागचे दणके उलट वाढले आहेत. स्कॅनरवर पुढचा दाब ८.१ आणि मागचा ३.४ मेगापास्कल दिसतो. गॅरेजवाले पंप बदलायला सांगतात. बदलावा का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : तूर्त बदलू नये. दाबाचे आकडे आपण प्रश्नातच दिले हे फार बरे झाले, कारण बिघाडाचा उलगडा त्यांतच आहे.

या गाडीचे वजन दोघे मिळून पेलतात. पुढे टॉर्शन बार (पीळ बसून स्प्रिंगचे काम करणारी पोलादी कांब) व मागे कॉइल स्प्रिंग हा एक भागीदार, आणि सिलिंडरांतले तेल हा दुसरा. १९५५ च्या सिट्रोएन डीएसमध्ये सगळे वजन तेल आणि वायूवरच होते, पोलादी स्प्रिंग नव्हतीच. इथे तसे नाही. त्यामुळे पोलादाचा वाटा बदलला की तेलाचा वाटा आपोआप उलट्या दिशेने बदलतो. गाडीच्या संगणकाला मात्र या वाटणीची कल्पना नसते. त्याला पुढचे दोन आणि मागचा एक असे तीन सेन्सर केवळ उंची कळवतात, आणि ती उंची मिळेपर्यंत तो तेल आत सोडतो किंवा बाहेर काढतो. म्हणूनच नुसती उंची मोजून अशा गाडीची प्रकृती कळत नाही; स्प्रिंगा थकल्या तरी गाडी बाहेरून सरळच उभी दिसते, आणि दाब मात्र वाढलेला असतो.

‘नॉर्मल’ उंचीवर पुढचा दाब सुमारे ६.९ मेगापास्कल आणि मागचा ५.६ ते ६.७ च्या दरम्यान असावा लागतो. पंक्चरवाल्याच्या भाषेत सांगायचे तर टायरमध्ये आपण ३२ पौंड हवा भरतो, तर इथे पुढच्या बाजूला जवळपास १००० पौंड दाब असतो. आपल्या गाडीत मागे ३.४ आहे, म्हणजे जाड स्प्रिंगांनी वजन जवळजवळ एकट्यानेच उचलून धरले आहे. ‘लो’चे बटण दाबल्यावर झडपा उघडतात, पण पंप तेल ओढून घेत नाही, गाडीच्या वजनानेच ते टाकीत परतायचे असते. ते ढकलायला मागे पुरेसे वजनच शिल्लक नाही. संगणक ठरावीक वेळ वाट पाहतो, उंची मिळाली नाही की बिघाड समजून यंत्रणा बंद करतो आणि दिवा लुकलुकू लागतो. दणके वाढण्याचे कारणही हेच आहे. गोळ्यातल्या पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन आणि दुसऱ्या बाजूला तेल असते. तेलाचा दाब जितका कमी, तितका वायू तेलाला मागे रेटतो, पडद्याला हलायला जागा उरत नाही आणि धक्का मऊ होण्याऐवजी थेट सांगाड्यात उतरतो.

तेव्हा पहिले काम मागच्या स्प्रिंगा परत मूळ ताकदीच्या करण्याचे आहे. हे सांगताना वाईट वाटते, कारण त्यावर खर्च झालेला आहे. पण जाड स्प्रिंगा ठेवून ही यंत्रणा नीट चालवण्याचा मार्ग मला दिसत नाही. कोणी मागच्या सेन्सरची दांडी कमी-जास्त करून देतो म्हटले तर नकार द्यावा. त्याने उंचीचा आकडा जुळेल, दाब जुळणार नाही.

पुढची बाजू उलट दुखण्याची आहे. तिथे टॉर्शन बार वर्षानुवर्षांच्या भाराने सैलावले असून तेलावर जास्त ओझे पडले आहे, आणि पुढची बाजू सावकाश उचलली जाते ती त्यामुळेच. पंप थकल्याचा हा पुरावा नव्हे. टॉर्शन बारचा स्क्रू एक पूर्ण फेरा आवळला की दाब साधारण ०.२ मेगापास्कलने उतरतो. आपल्याला १.२ उतरवायचा आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना सहा-सहा फेरे. एकदम सहा देऊ नयेत. आधी तीन द्यावेत, गाडी ‘लो’वरून ‘नॉर्मल’ला आणून दाब पुन्हा वाचावा, मग पुढचे ठरवावे. स्क्रू फिरवण्यापूर्वी पुढची चाके जमिनीवरून उचलून भार काढावा आणि आट्यांना ग्रीस द्यावे. इतके फेरे देऊनही गाडी उंच होत नाही हे पाहून पुष्कळ मेकॅनिक गोंधळतात आणि स्क्रू आवळतच राहतात. उंची संगणक राखतो. बदलतो तो दाब. गाडी डाव्या किंवा उजव्या अंगाला कलत असेल तर तो कलही याच स्क्रूंनी काढायचा असतो.

या सगळ्याआधी दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. स्प्रिंग बदलताना मागच्या सेन्सरची दांडी सोडवली गेली असेल, तर ती मूळच्या लांबीला आणि मूळच्या बाजूनेच बसली आहे ना, हे पाहावे. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत पुढे सुमारे ५०० आणि मागे ५२० मिलिमीटर भरले म्हणजे उंची ठीक समजावी. दुसरे म्हणजे, नवे ऑइल भरल्यावर टाकीत फेस दिसतो का ते पाहावे. दिसल्यास हवा राहिली आहे आणि ती पुन्हा काढावी लागेल. हवा काढण्याचे स्क्रू उघडताना गाडी ‘लो’ला असावी, डोळ्यांवर चष्मा असावा, आणि गाडीखाली शिरण्यापूर्वी बटणाने यंत्रणा बंद करून सांगाड्याखाली स्टँड लावलेले असावेत. केवळ जॅकच्या भरवशावर या गाडीखाली कोणीही जाऊ नये, कारण झडप उघडली की ती क्षणात खाली येते.

आता आपल्या मूळ तक्रारीकडे येतो, कारण ती अजून मिटलेली नाही. मागची बाजू टेकत होती असे मला वाटत नाही. तेल उंची राखतच होते. मला संशय आहे तो मागच्या गोळ्यांचा. वर्षे सरतात तसा नायट्रोजन पडद्यातून झिरपून जातो, गोळा कडक होतो आणि दणका बसला की बाजू टेकली असाच भास होतो. आपण गोळे बदलले ते पुढचे! दाब जुळल्यावर, त्याआधी नव्हे, गाडी सपाट जागी उभी करून ‘हाय’ला आणि ‘लो’ला टाकीतल्या तेलाची पातळी पाहावी आणि मधल्या रेघा मोजाव्यात. गोळे नवे असताना हा फरक १४ रेघांच्या आसपास असतो. ७ किंवा कमी भरल्यास गोळे संपले असे जाणकार धरतात. आपले पुढचे नवे असल्याने फरक कमी आल्यास दोष मागच्यांकडे जातो. भोसरीच्या एमआयडीसीत प्रेसचे अॅक्युम्युलेटर (असेच वायू भरलेले दाबपात्र) नायट्रोजनने भरून देणारे कुशल लोक आहेत, पण हे गोळे बंद बनावटीचे असतात. त्यांना भोक पाडून भरण्याचा प्रयोग जिवावर बेतू शकतो. नवेच घ्यावेत.

पुढची उंची आणि दाब स्थिर झाल्यावर शेवटी व्हील अलाइनमेंट करून घ्यावे.

प्रश्न : याच यंत्रणेची टाकी थोडी उतरली आहे. नाना पेठेत नेमके ऑइल लगेच मिळाले नाही. तोवर ब्रेक ऑइल किंवा गिअरचे एटीएफ घातले तर चालेल का?
– एक वाचक, निगडी

उत्तर : चालणार नाही. ब्रेक ऑइल ग्लायकोलचे असते आणि या यंत्रणेचे सील खनिज तेलासाठी बनवलेले असतात. ते फुगून निकामी होतात. एटीएफ खनिज असले तरी ते जास्त घट्ट आहे. एएचसीसाठीचे ऑइल येईपर्यंत बटणाने यंत्रणा बंद ठेवून गाडी सावकाश वापरावी. ब्रेक ऑइल चुकून टाकीत पडलेच असेल, तर इंजिन सुरू करू नये. पंप फिरण्यापूर्वीच टाकी उपसून, स्वच्छ करून घ्यावी.