नवशिक्यांच्या प्राथमिक रेखाटनांवर अभिप्राय कसा द्यावा?

आपण लिहिले आहे की, ठाण्यात आपल्या सोसायटीच्या सभागृहात दर रविवारी सकाळी चित्रकलेची हौस असलेली काही मुले आणि काही मोठी माणसे जमतात, रेषा, लंबवर्तुळे, ठोकळे आणि डबे यांच्या सरावाची पाने भरून आणतात आणि आपल्यासमोर ठेवतात. ‘छान’ म्हटले की पुढच्या रविवारी तीच चूक परत येते आणि चुका मोजून दाखवल्या की माणूसच परत येत नाही, ही आपली अडचण आहे. स्वतःची तयारी चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेपर्यंतचीच असताना दुसऱ्याला सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे का, अशी शंकाही आपण विचारली आहे. मी नौपाड्यात बरीच वर्षे चित्रकलेचे वर्ग घेत आलो आहे, त्या आधारे उत्तर देतो. अधिकाराच्या शंकेकडे शेवटी येतो.

सर्वप्रथम, सरावाचे पान हे चित्र नव्हे, हे आपण स्वतःच्या मनाशी पक्के करावे. गाणे शिकणारा पलटे घोटत असतो तेव्हा ‘वाहवा’ म्हणायला कोणी बसलेले नसते आणि म्हणू नयेही; तिथे स्वर लागला की नाही, एवढेच ऐकायचे असते. नवशिका मात्र रेषांचे पानही चित्र म्हणूनच दाखवतो आणि आपणही नकळत त्याकडे चित्र म्हणून पाहतो, त्यामुळे ‘सुंदर’ किंवा ‘अजून सफाई हवी’ असले शब्द तोंडून जातात, ज्यांचा त्याला काहीच उपयोग नसतो. म्हणून पान हातात घेतल्यावर प्रथम हे आठवावे की हा सराव कशासाठी दिला होता, आणि पानावर पाच दोष दिसत असले तरी ज्या गोष्टीसाठी तो सराव होता, तिच्याबद्दलच बोलावे. लंबवर्तुळांच्या पानावर रेषा थरथरत असतील तर त्या थरथरू द्याव्यात. रेषेचा दिवस वेगळा असतो.

पालकांच्या बाबतीत हे सांभाळणे अवघड जाते, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा आणि त्यांमुळे दहावीला मिळणारे वाढीव गुण असतात. ‘ए ग्रेड येईल का?’ हा प्रश्न दुसऱ्याच रविवारी येतो. परीक्षेत तयार झालेल्या वस्तुचित्राला श्रेणी मिळते, सरावाच्या पानाला ती द्यायची नसते, असे त्यांना एकदाच आणि स्पष्टपणे सांगावे. आपण स्वतःही पानाच्या कोपऱ्यात गुण, तारा किंवा बरोबरची खूण करू नये. तारीख मात्र घालायला सांगावी आणि जुने पान फेकू देऊ नये.

आता प्रत्यक्ष पानांकडे येऊ. रेषांच्या पानावर सर्वाधिक दिसणारा प्रकार म्हणजे केसाळ रेषा: एका सरळ रेषेऐवजी लहान लहान तुकडे एकावर एक घासलेले असतात. ‘रेषा स्वच्छ काढा’ असे सांगून ती स्वच्छ होत नाही, कारण ती केसाळ होण्याचे कारण कागदावर नसून हातात असते. विद्यार्थ्याची नजर पेन्सिलच्या टोकाला चिकटलेली असते आणि हात मनगटातून हलत असतो, त्यामुळे एका झटक्यात जाता येते तेवढेच अंतर तो जातो आणि पुन्हा सुरुवात करतो. त्याला दोन ठिपके द्यायला सांगावे, पेन्सिल कागदाला न टेकवता त्या ठिपक्यांवरून हवेतच काही वेळा फिरवायला लावावी, आणि मग नजर दुसऱ्या ठिपक्यावर ठेवून खांद्यातून एकच रेषा ओढायला सांगावी. ती ठिपक्याला चुकली तरी खोडायची नाही. सगळ्याच रेषा एका बाजूला धनुष्यासारख्या वाकत असतील तर कोपर किंवा मनगट टेबलावर रोवलेले आहे आणि हात त्याभोवती फिरतो आहे, असे समजावे. यासाठी पानाइतकाच पान काढणाऱ्याचा हात पाहणे गरजेचे असते, म्हणून शक्य असेल तेव्हा एक ओळ आपल्यासमोर काढून घ्यावी.

लंबवर्तुळ आणि डबा हा सराव मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण माहीत असलेले आणि दिसत असलेले यांतला फरक इथे नवशिक्याच्या स्वतःच्या लक्षात येतो. माझ्या वर्गात येणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा काढून आणला होता. वरचे तोंड दोन्ही टोकांना बदामासारखे टोकदार होते आणि तळ म्हणजे पट्टीने ओढल्यासारखी आडवी सरळ रेषा होती. ‘काका, तळ सरळ का काढला?’ असे मी विचारले. ‘डबा ओट्यावर सपाट बसतो ना,’ असे त्यांनी उत्तर दिले, आणि ते त्यांच्या परीने बरोबरच होते. अशा वेळी ‘चुकले’ असे म्हणण्यापेक्षा डबाच हातात द्यावा. त्यांना मी तो झाकण काढून, तोंडाची कड नेमकी डोळ्यांच्या पातळीवर येईल असा धरायला सांगितला, तेव्हा कड सरळ रेषेसारखी दिसली. मग डबा हळूहळू खाली नेताना ते तोंड उघडत गेले आणि लंबवर्तुळ फुगत गेले. कड डोळ्यांच्या पातळीच्या जितकी खाली, तितके तिचे लंबवर्तुळ गोलाईला जवळ जाते, हे त्यांनी स्वतः पाहिले. डब्याचा तळ तोंडापेक्षाही खाली असतो, म्हणजे तो तोंडापेक्षा अधिक गोल दिसायला हवा, हा पुढचा निष्कर्ष त्यांनीच काढला आणि कागदावरची ती आडवी रेषा स्वतः खोडली. टोकदार कोपऱ्यांबद्दल मी त्या दिवशी काहीच बोललो नाही. तो विषय पुढच्या वेळी घेतला, तेव्हा तोंडाची कड बोटाने फिरवून पाहा आणि कुठे कोपरा लागतो का ते सांगा, एवढेच पुरले.

उभ्या डब्यातच आणखी एक तपासणी करता येते. डब्याच्या मधोमध उभी रेषा ओढली आणि लंबवर्तुळाच्या लांब बाजूतून आडवी रेषा ओढली, तर त्या दोन रेषा काटकोनात यायला हव्यात. डबा आडवा पडलेला असला तरी हा नियम बदलत नाही, मात्र नवशिके आडव्या डब्याचे तोंडही सवयीने हवे तसे कलते काढतात आणि मग झाकण निसटल्यासारखे दिसते. असे पान आले की ‘काहीतरी विचित्र दिसते आहे’ असे म्हणू नये. त्या दोन रेषा ओढायला सांगाव्यात.

ठोकळ्यांच्या पानासाठी लाल पेन जवळ ठेवावे, पण ते विद्यार्थ्याच्या हातात द्यावे. ठोकळ्याच्या ज्या कडा प्रत्यक्षात एकमेकींना समांतर आहेत, त्या मागच्या दिशेला लाल रेषेने वाढवत न्यायला सांगावे. त्या दूर जाताना एकमेकींच्या जवळ येत असतील तर ठीक. फाकत असतील तर ठोकळ्याची मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा मोठी झाली आहे, आणि हे आपण न सांगताही पानावर उघडे पडते. नवशिक्यांच्या ठोकळ्यांमध्ये ही फाकलेली कड फार वेळा सापडते, कारण मागची बाजू खरोखर पुढच्याएवढीच आहे हे त्यांना ठाऊक असते. ‘व्हॅनिशिंग पॉइंट’, म्हणजे दूर जाणाऱ्या समांतर कडा जिथे एकत्र येताना दिसतात तो बिंदू, हा शब्द पहिल्याच दिवशी उच्चारण्याची गरज नाही. त्याऐवजी, सकाळी ठाण्याहून सुटणारी लोकल रिकामी मिळाली तर डब्याच्या एका टोकाला मधोमध उभे राहून पाहण्याचा गृहपाठ द्यावा: वरच्या हँडलांच्या रांगा आणि सामानाचे रॅक दूर जाताना खाली उतरत येतात, सीटच्या कडा आणि फरशीचे सांधे वर चढत जातात, आणि सगळ्यांचा रोख पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीकडे असतो. तेच सीटवर बसून पुन्हा पाहिले की रोख खाली येतो. डोंबिवलीहून भरून आलेल्या गाडीत मात्र हा अभ्यास होणे नाही.

शेडिंगबद्दल थोडक्यात सांगतो. बोटाने घासून गुळगुळीत केलेले छायांकन नवशिक्यांना फार आवडते, पण त्यामुळे फिका, मध्यम आणि गडद हा फरकच पुसला जातो. डोळे अर्धवट मिटून पान आणि वस्तू आळीपाळीने पाहायला सांगावे आणि सर्वांत गडद जागा कोणती, एवढेच विचारावे. पुष्कळदा ती जागा कागदावर गडद झालेलीच नसते, कारण सगळे काम एकाच एचबी पेन्सिलवर उरकलेले असते. हातात तिच्याहून मऊ आणि गडद उठणारी ४बी पेन्सिल दिली की निम्मा प्रश्न सुटतो. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्याच्या हवेत कागद दमट आणि मऊ पडतो, खोडरबर फिरवला की त्याचे तंतू उठतात आणि तिथे शिसे डागासारखे बसते. हा दोष विद्यार्थ्याचा नसतो, तेव्हा त्याबद्दल त्याला बोलू नये.

विद्यार्थ्याच्या पानावर आपण स्वतः पेन्सिल चालवू नये, याबाबत मी आग्रही आहे. आपली सराईत रेषा त्याच्या रेषेवर बसली की ते पान त्याचे राहत नाही, आणि लहान मुले तर पुढच्या वेळी पान आपल्यापुढे सरकवून ‘सर, तुम्हीच करून द्या’ म्हणतात. दाखवणे आवश्यकच असेल तर वर बटर पेपर ठेवून त्यावर दाखवावे आणि तो काढून घ्यावा.

कौतुकाला माझा विरोध नाही. नेमके नसलेले कौतुक मात्र निरुपयोगी ठरते. पानभर रेषांमध्ये दोन-तीन रेषा खरोखर चांगल्या आलेल्या असतात. त्यांच्यावर बोट ठेवावे आणि ‘ही काढताना तुम्ही काय वेगळे केले?’ असे विचारावे. पुष्कळदा उत्तर येते की त्या क्षणी लक्ष नव्हते, पटकन ओढली. मग त्याच वेगाने आणखी दहा ओढायला सांगता येते, आणि हे कौतुक असूनही पुढचे काम ठरते. कोणती रेषा चांगली आली हे विद्यार्थी स्वतः ओळखू लागला की आपले बोलणे कमी करावे.

वयाचा प्रश्न आपल्या गटात येणारच. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या ठोकळ्याला लाल रेषा लावण्याचे कारण नाही. त्याने टेबलाचे चारही पाय दिसतील असे काढले असेल तर तसेच राहू द्यावे आणि टेबलावर काय ठेवले आहे ते विचारावे. साधारण दहा-अकराव्या वर्षी मुले स्वतःच ‘हे खऱ्यासारखे का दिसत नाही?’ असे विचारू लागतात, तोपर्यंत थांबावे. मोठ्या माणसांचा संकोच वेगळा असतो. साठीच्या गृहस्थांचे पान नातवंडांच्या वयाच्या मुलांसमोर उलगडून दोष सांगितला, तर ते हसून ऐकून घेतील आणि पुढच्या रविवारी गुडघेदुखीचे कारण कळवतील. त्यांच्याशी शेजारी बसून, हळू आवाजात बोलावे, आणि शक्य झाल्यास प्रश्न विचारूनच बोलावे. जी माणसे येईनाशी झाली असे आपण लिहिले आहे, त्यांनाही एकदा फोन करावा. दोषांच्या यादीची लाज बरीच असते, पण ती फार दिवस टिकत नाही.

आठवड्याच्या मधल्या दिवशी व्हॉट्सॲपवर पानांचे फोटो येत असतील तर एक अट घालावी. मोबाइल कागदाला समांतर धरून, बरोबर वरून फोटो काढायला सांगावे. तिरप्या फोटोत बरोबर काढलेले लंबवर्तुळही चपटे दिसते आणि समांतर रेषा जुळू लागतात, मग आपण नसलेला दोष सांगून बसतो. समूहातली मंडळी अंगठे आणि टाळ्या टाकत राहणारच, त्याला इलाज नाही. आपला अभिप्राय मात्र त्या व्यक्तीला स्वतंत्रपणे, एका वाक्यात कळवावा.

राहिला अधिकाराचा प्रश्न. वर सांगितलेल्या तपासण्या पुन्हा पाहिल्या तर लक्षात येईल की त्यांपैकी एकीतही निकाल आपण देत नाही: डब्याचे तोंड डोळ्यांसमोर उघडते, वाढवलेल्या कडा कागदावर फाकतात, गडद जागा अर्धवट मिटलेल्या डोळ्यांना दिसते. इंटरमिजिएटपर्यंतच्या तयारीत या गोष्टी आपल्या हातून भरपूर झालेल्या आहेत, तेव्हा तेवढे पुरेसे आहे. तरीही मनात शंका राहत असेल तर दर रविवारी आपणही त्यांच्याबरोबर एक पान काढावे, आणि ते तपासण्यासाठी लाल पेन सर्वांत लहान मुलाच्या हातात द्यावे. फाकलेली कड ते मूल सर्वांत आधी शोधून काढते, आणि त्यानंतर स्वतःचे पान पुढे करायला बाकीच्यांना फारसा संकोच वाटत नाही.